शनिवारचा खेळ बंद करण्याआधी आम्हाला विचारलं असतं तर: गटशिक्षणाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी,
पंचायत समिती

(तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला ते कळेलच. बाकी कुणाला ते आपल्याच तालुक्याचं वाटलं, तर त्यांचंही फारसं चुकणार नाही.)

विषय: सहावी ते आठवीचे शनिवारचे ‘खेळ-प्रयोग’ तास बंद करून त्या जागी सराव चाचण्या घेण्याबाबत.

महोदया,

मी आपल्या तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा पालक सदस्य आहे. पोटापाण्यासाठी दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. मुलगी याच शाळेत सातवीत आहे. गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत सूचना देण्यात आली, की शनिवारच्या सकाळच्या शाळेत मोठ्या वर्गांचे जे दोन तास खेळ-प्रयोगाला दिले जातात ते थांबवावेत आणि त्या वेळात शिष्यवृत्ती व एनएमएमएस (आठवीत द्यायची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) यांच्या सराव प्रश्नपत्रिका सोडवून घ्याव्यात. सूचना आधी तोंडी होती, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. त्या मेसेजमध्ये या तासांना ‘टाइमपास’ म्हटलं आहे. लेखी आदेशाची प्रत मागितली, ती अजून मिळालेली नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी हे पत्र लिहायला सांगितलेलं नाही. त्यांनी तर ‘जाऊ द्या’ असंच म्हटलं. तेव्हा खुलासा मागायचा असेल तर तो माझ्याकडे मागावा, गॅरेज सकाळी नऊला उघडतं.

आता ज्याला टाइमपास म्हटलं गेलं, ते काय होतं ते सांगतो. आपण किंवा आपल्या कार्यालयातलं कुणी शनिवारी येऊन बसलं असतं, तर मला एवढं लिहावं लागलं नसतं.

सर फळ्यावर तीन आकडे लिहितात: २, ४, ६. म्हणतात, माझ्या मनात एक नियम आहे, हे आकडे त्यात बसतात. तुम्ही तीन-तीन आकडे सांगत जा, बसतात की नाही एवढंच मी सांगेन. खात्री पटली की नियम सांगा. पोरं म्हणतात, ८, १०, १२. बसतात. २०, २२, २४. बसतात. कुणीतरी हुशारी दाखवत १००, १०२, १०४ म्हणतं, तेही बसतात. मग अख्खा वर्ग ओरडतो, ‘दोन-दोनने वाढणारे!’ सर मान हलवतात. नाही. वर्गात एकदम गोंधळ, सर फसवताहेत असाही आरोप होतो. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, ती ५, ६, ९० विचारते. बसतात. मग ९, ५, १. नाही बसत. तिथून पुढे पाच मिनिटांत नियम सापडतो: प्रत्येक आकडा आधीच्यापेक्षा मोठा हवा. बस, एवढाच.

पीटर वेसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली हाच प्रयोग लंडनमध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर केला होता. तिथली शिकलेली मोठी माणसंही आमच्या पोरांसारखीच घसरली. जो अंदाज मनात पक्का झाला, तो खरा ठरेल असेच आकडे बहुतेकांनी विचारले. आपला अंदाज मोडू शकेल असा प्रश्न आपणच आपल्याला विचारायचा, हे कुणाला आपोआप सुचत नाही. ते शिकवावं लागतं. आणि ‘शास्त्रज्ञ आपल्या गृहीतकाची कसोटी घेतात’ असं वाक्य पाठ करून तर ते मुळीच येत नाही.

दुसरा खेळ झोक्याचा. यातले नट माझ्या गॅरेजमधले, म्हणून माझा त्यात जरा जास्त जीव आहे. दोरीला नट बांधायचा, खिळ्याला टांगायचा, थोडा बाजूला ओढून सोडायचा आणि वीस झोके मोजायचे. मोबाइलवर वेळ लावायची. सोडण्याआधी प्रत्येकाने अंदाज वहीत लिहायचा, नंतर खोडायचा नाही. लहान नटाच्या जागी एक्सलचा जड नट लावला तर? वर्गातली बहुतेक पोरं लिहितात, जड लवकर झुलेल. झुलत नाही. मग दोरी कमी करायची. एक मीटर दोरीला वीस झोक्यांना साधारण ४० सेकंद लागतात. दोरी निम्मी केली की वेळही निम्मा होणार, याबद्दल कुणाला शंकाच नसते, सगळ्यांच्या वहीत २० लिहिलेलं. येतात २८. पोरं म्हणतात, मोजणाऱ्याचं चुकलं. दुसरा मोजतो, तिसरा मोजतो, नटाच्या मध्यापर्यंत दोरी पुन्हा मापतात, तरी २८ च्या आसपासच. मग एकजण दोरी पाव मीटर करून बघतो आणि तिथे २० येतात. सूत्र कुणी सांगितलेलं नाही. ते पुढच्या वर्गांत येईल तेव्हा येईल. पण आपल्याला हवं ते उत्तर आलं नाही तर उत्तर बदलायचं नाही, मोजणी तपासायची, आणि तरीही तेच आलं तर आपला अंदाज सोडायचा, हे त्या तासात झालं.

पत्त्यांच्या खेळावरून तक्रार झाली होती, तीही सांगून टाकतो, कारण ती आपल्यापर्यंत पोहोचली असणार. एक जण मनात गुप्त नियम ठरवतो, समजा ‘लाल पानावर काळं, काळ्यावर लाल’. बाकीचे पानं टाकत जातात, तो फक्त चालतं की नाही एवढं सांगतो, आणि त्यावरून नियम ओळखायचा. रॉबर्ट ॲबट या अमेरिकन माणसाने १९५६ मध्ये हा खेळ शोधला. तीन वर्षांनी मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्याच्यावर लिहिलं, ते याच कारणासाठी: निसर्गाने नियम लपवलेत आणि माणूस एकेक पान टाकून ते शोधतोय, असा तो डाव आहे. आमच्याकडे मात्र एका पालकाने ‘शाळेत पत्ते कुटतात’ म्हणून आवई उठवली. सरांनी वाद घातला नाही. जुन्या लग्नपत्रिका कापून मुलांकडून पानं करून घेतली. त्यांवर वड, पिंपळ, आंबा, रुई, कुठे फूल कुठे शेंग. आता नियमही तसेच होतात: ‘चीक येणाऱ्यानंतर चीक न येणारं’. तक्रार करणाऱ्या पालकांचा मुलगा त्यात सगळ्यांत पुढे असतो.

अष्टाचंग्यासाठी घासून अर्धे केलेले चिंचोके आपण लहानपणी हाताळले असतील. मुलांची ठाम समजूत होती, की अमुक मुलीचा हात चांगला, तिला दान पडतंच. मग प्रत्येकाची दानं आठवडे-आठवडे लिहून ठेवली. तिचं वेगळं काही निघालं नाही. चार अर्ध्या चिंचोक्यांची दानं सोळा प्रकारे पडू शकतात, पण सोळाही सारखीच पडतील असं नाही, कारण चिंचोक्याची एक बाजू सपाट, एक फुगीर. म्हणजे नाण्याचा हिशेब इथे डोळे झाकून लावता येत नाही, टाकूनच पाहावं लागतं. नशीब, हात, शुभ पावलं या गोष्टी तपासता येतात, हे बारा वर्षांच्या पोरांना कळलं आणि त्यासाठी कुणाच्या श्रद्धेवर भाषण द्यावं लागलं नाही.

बंद काडेपेट्यांचाही खेळ आहे. आत काय आहे ते हलवून, कलंडवून, चुंबक फिरवून ओळखायचं आणि शेवटीसुद्धा पेटी उघडायची नाही. पोरं यावर फार चिडतात. सर म्हणतात, अणू तरी कुणी उघडून बघितला? रदरफर्डने १९११ मध्ये अणूला केंद्रक असतं असं सांगितलं, ते सोन्याच्या पातळ पत्र्यावर मारलेले कण कुठे जातात आणि कुठून परत येतात एवढ्यावरून.

याचा परिणाम मोजायचा कसा, असं आपण विचाराल. परीक्षेच्या मार्कांचा पुरावा माझ्याकडे नाही. माझ्या घरातलं सांगतो. मिरचीच्या देठांनी दही लागतं असं माझी आई म्हणते. मुलीने एकाच पातेल्यातलं कोमट दूध तीन वाट्यांत ओतलं. एकीत देठं, एकीत विरजण. तिसरीत काहीच नाही. दही कुठल्या वाटीत कसं लागलं, हा आजी-नातीचा मामला आहे, त्यात मी पडत नाही. ती तिसरी वाटी ठेवायला तिला कुणी सांगितलं नव्हतं, हे मात्र आपण लक्षात घ्यावं.

आता तक्रारी.

पहिली, निर्णय कसा झाला याबद्दल. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ ने व्यवस्थापन समिती केली, तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत, शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं हे तिचं काम. आम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. त्याच कायद्याचं कलम २९ म्हणतं, की शिकणं हे कृतीतून, शोधातून, मुलांना भय वाटणार नाही अशा रीतीने व्हावं. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या दरम्यान दहा दिवस दप्तराविना शाळा आहे. एवढे कागद एका बाजूला आणि व्हॉट्सॲपचा एक मेसेज दुसऱ्या बाजूला, तर शाळेत मेसेज चालतो. हे कसं?

दुसरी तक्रार विज्ञान पेटीची. शाळेला आलेली पेटी कपाटात कुलूपबंद आहे. परीक्षानळ्या, भिंगं, चुंबक, सगळं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत चढलेलं. तपासणीला येणारे साहेब वस्तू मोजतात: नोंद बारा, नळ्या बारा, शाबास. नळी फुटली तर वसुली आपल्या पगारातून होईल ही भीती शिक्षकांना खोटी वाटत नाही, म्हणून नळ्या बाराच राहतात. माझ्या मते ज्या शाळेत वर्षभरात एकही नळी फुटली नाही, तिथे साहेबांनी आधी विचारावं की का नाही फुटली.

तिसरी: पाठ्यपुस्तकात जागोजागी ‘करून पहा’च्या चौकटी आहेत, चांगल्या आहेत. पण प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे सगळं गाइडमधून उतरतं, आणि पंचवीस वह्यांत एकच निरीक्षण, स्वल्पविरामासकट. वह्या तपासणीत हे चालतं. माझ्या मुलीच्या वहीत ‘२८ सेकंद, परत मोजलं, २८.५’ असं लिहिलंय, त्यावर एका भेटीत ‘नीटनेटकेपणा नाही’ असा शेरा आहे.

चौथी, विज्ञान प्रदर्शनाची. दरवर्षी तोच इंजेक्शनच्या सिरिंजचा जेसीबी, तोच सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी. निम्म्या वस्तू स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतात, भाव ठरलेले आहेत. मूल भाषण पाठ करून येतं, परीक्षक थर्माकोलची सजावट बघून गुण देतात. यावर जास्त लिहीत नाही, आपण स्वतः उद्घाटनाला असता.

पाचवी तक्रार आपल्या खात्याबद्दल नाही, आम्हा पालकांबद्दल आहे. ‘पेपर सोडवून घ्या’ हा दबाव आमच्यातूनच जातो, हे मला मान्य आहे. एनएमएमएस मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि माझ्यासारख्याच्या घरात ही रक्कम लहान नाही. माझी मुलगीही पुढच्या वर्षी परीक्षेला बसणार आहे. सराव नको असं मी म्हणत नाही. तो शनिवारच्या त्याच दोन तासांत का, एवढंच विचारतो. आणि त्याच परीक्षेतल्या बौद्धिक क्षमता चाचणीत आकड्यांच्या मालिका ओळखायला देतात, तर २, ४, ६ चा खेळ त्याच्या आड येतो की मदतीला, हे आपल्या विषयतज्ज्ञांनी सांगावं.

मला या सगळ्याचं एवढं काय पडलंय? तर धंद्यामुळे. दहावी झालेली पोरं माझ्याकडे काम शिकायला येतात. प्रामाणिक असतात, पाठांतर चांगलं असतं. गाडी सुरू होत नाही म्हटलं की प्लग बदलतात, कार्बोरेटर साफ करतात, कॉइलची वायर हलवतात, सगळं एका दमात. गाडी सुरू होते. कशाने झाली? माहीत नाही. गिऱ्हाइकाला प्लगचे पैसे पडतात आणि आठवड्याने तीच गाडी ढकलत परत येते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, आणि काय झालं ते बघून मगच पुढे जायचं, एवढं शिकवायला मला सहा-सहा महिने लागतात. विज्ञानात या पोरांना ऐंशीच्या वर गुण असतात.

हे आपल्या देशात कुणी केलंच नाही असंही नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांपासून प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचं काम सुरू झालं, १९७८ मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने ते सांभाळलं. पुस्तकाचं नाव ‘बाल वैज्ञानिक’. परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही उघडून बसायची मुभा, आणि शिवाय प्रात्यक्षिक. म्हणजे परीक्षाही बदलता येते, आणि तीही सरकारी शाळांत. तिथेच १९७८ मध्ये पुण्याच्या मोटार कारखान्यातला एक इंजिनिअर सुट्टी काढून गेला, अरविंद गुप्ता. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरं उभी केली. त्रिकोण दाबून हलत नाही, चौकोन लगेच कलतो, हे पोरांना बोटांनी कळलं. पुढे पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या विज्ञान केंद्रात त्यांनी वर्षानुवर्षं हेच केलं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. व्हॉल्व्ह ट्यूब आजही सायकलच्या दुकानात काही रुपयांत मिळते. आणि होशंगाबादचं काय झालं? तीस वर्षं चाललेला कार्यक्रम २००२ मध्ये सरकारी निर्णयाने बंद झाला. आमचे तर दोनच तास आहेत, ते बंद पडायला एवढ्या धक्क्याचीही गरज नाही.

दर २८ फेब्रुवारीला शाळाशाळांत वैज्ञानिक दृष्टिकोनावर भाषणं होतात, राज्यघटनेतलं ५१-क कलम वाचलं जातं. रामन यांनी १९२८ मध्ये आपला शोध जाहीर केला, त्यामागच्या सुरुवातीच्या प्रयोगांत सूर्यप्रकाश, भिंगं आणि रंगीत काचा होत्या. आमच्या कपाटातही भिंगं आहेत.

आमच्या मागण्या अशा:

शनिवारच्या दोन तासांबाबतची सूचना लेखी मागे घ्यावी. सराव चाचण्या हव्यातच, तर आठवड्यातल्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर घ्याव्यात. मुलांना थांबवून ठेवायची आणि घरी सोडायची जबाबदारी आम्ही पालक वाटून घेऊ, तसा ठराव समितीकडून करून देतो.

विज्ञान पेटीतली वस्तू वापरताना फुटली तर तिचं निर्लेखन होईल, म्हणजे ती नोंदीतून काढली जाईल, शिक्षकांकडून वसुली होणार नाही, असं परिपत्रक काढावं. तपासणीत वस्तू मोजण्याऐवजी मुलांच्या वह्या बघाव्यात, आणि खाडाखोड दिसली म्हणून गुण कापू नयेत.

पुढच्या तालुका प्रदर्शनात दुकानातून आणलेली तयार मॉडेलं स्वीकारू नयेत. प्रत्येक प्रयोगासोबत नोंदवही मागावी: प्रश्न काय होता, अंदाज काय होता, काय जमलं नाही.

शाळा स्तरावरच्या विज्ञानाच्या घटक चाचणीत निदान एक प्रश्न असा ठेवावा, ज्यात मुलाला एखादा दावा तपासण्याची रीत सुचवायची आहे. ‘मिठाच्या पाण्यात बी लवकर रुजते, असे एकजण म्हणतो. तुम्ही कसे तपासाल?’ एवढा साधा चालेल.

यापुढे शाळेच्या वेळापत्रकात असा बदल करायचा असेल तर तो आधी व्यवस्थापन समितीसमोर ठेवावा.

समितीची पुढची मासिक सभा महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, शाळा सुटल्यावर आहे. आपण यावं, किंवा विस्तार अधिकाऱ्यांना पाठवावं. सूचना मागे घेतली नाही तर त्या सभेत हा विषय ठरावाला येईल आणि ठरावाची प्रत जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल. लेखी उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवलं तरी पोहोचेल.

कळावे,
आपला,
एक पालक सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती